कारणाचा रकाना

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत
रिजेक्शनच्या रजिस्टरला पाच रकाने होते:
तारीख, पार्ट नंबर, नग, सही
आणि शेवटी, सगळ्यात अरुंद, कारण.
माझ्या आधीच्या माणसानं त्यात अकरा महिने
एकच शब्द लिहिला होता: वाळू.
खाली पानंच्या पानं नुसतं, वरीलप्रमाणे.

मी डिप्लोमा घेऊन आले तेव्हा
पंपाच्या शंभर बॉड्यांतल्या सतरा
पोटात फुगे घेऊन भट्टीत परत जात होत्या.
माझ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र होतं.
आकारामतात्या कुंभारांकडे मूठ होती.
तात्या वाळू उचलायचे, दाबायचे,
तळहातावरचं ढेकूळ कानाशी नेऊन मोडायचे
आणि म्हणायचे, "आज नगं वतूया."
यंत्र म्हणायचं साडेतीन टक्के, बेस आहे.
मालक यंत्राचं ऐकायचे.
त्याचे हप्ते चालू होते.

सतरा.

मग मी शंभर पानी वही केली.
डावीकडे यंत्राचा आकडा, उजवीकडे मुठीचा निकाल.
चाळीस दिवस दोघांनाही खोटं ठरवलं नाही.
एकेचाळिसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला:
पाणी किती आहे, ते यंत्र सांगतं.
मातीनं ते प्यालंय का, ते मूठ.
वाळू मळायचा वेळ तीनाचा पाच मिनिटं केला.
सतराचे नऊ झाले.
तात्या म्हणाले, "हे मला म्हाईत हुतं.
पर मला म्हाईत हाय, हे कुठं म्हाईत हुतं?"

उरलेले नऊ कोअरमधले होते,
आणि त्यांचं उत्तर भिंतीपलीकडे.
पलीकडची फौंड्री, तेच गिऱ्हाईक, किलोमागे चार आणे कमी.
तिथले दस्तगीर मुल्लाणी आणि आमचे तात्या
एकाच उस्तादाच्या हाताखाली उद्यमनगरात शिकलेले,
आता चहाच्या गाड्यावर पाठीला पाठ लावून उभे.
मीच मध्ये उभी राहिले, तीन कटिंग सांगितले.
दस्तगीरचाचांनी बशीत फुंकर मारली.
"तेल कमी करा. थोडी काकवी घाला."
कुणी सांगितलं?
"मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर बसलो होतो एकदा.
सांडलेल्या काकवीत वाळू मिसळली, उन्हानं वाळली.
लाथ मारली तर अंगठा सुजला."

सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिघं चिखलीला.
गुळव्या भूपाल चौगुले
उकळत्या रसाचा थेंब पाण्यात सोडून
दोन बोटांत गोळी फिरवत होता.
आणखी एक मूठ, मी मनात म्हटलं,
आणि पर्समधून थर्मामीटर काढला.
तो हसला. मग आकडा विचारला.
मग पुन्हा विचारला.

सहा. चार. पावसाळ्यात पुन्हा सात, मग तीन.

मालकांनी बोलावलं.
"काकवीच्या बदल्यात काय दिलंस त्यांना?"
वहीची झेरॉक्स, म्हटलं.
पंखा फिरत राहिला.
"आपली वही?"
दिवाळीनंतर पलीकडचंही भंगार घटलं,
आणि गिऱ्हाइकानं दोघांचाही दर उतरवला.
"घे, झालं शिकवून," मालक म्हणाले,
आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.
अजून नाही.
एवढंच की मार्चमध्ये आमची भट्टी फुटली
तेव्हा त्यांनी चार दिवस आमचे साचे ओतून दिले,
वाळू पाच मिनिटं मळून.

तात्या आता घरी असतात, कसबा बावड्यात.
त्यांच्या जागी गंजामहून आलेला निरंजन बेहेरा.
दोन वर्षं त्यानं तात्यांच्या मुठीखाली मूठ धरली.
रजिस्टर नवीन आणलंय,
कारणाचा रकाना अर्ध्या पानाचा आखून घेतलाय.
निरंजन त्यात ओडियात लिहितो, गोल गोल,
मला एक अक्षर लागत नाही.
रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी
मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसते,
म्हणते, वाच.